मृगाआधी म्हातारी कोंबडी हातात घेऊन बघा

ज्यांच्या परसात, गोठ्याच्या कडेला किंवा गच्चीवर चार वर्षांच्या वरची एखादी तरी कोंबडी आहे, त्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आज रात्री कोंबड्या खुराड्यात शिरून शांत झाल्या की बॅटरी घ्या आणि त्यातली प्रत्येक म्हातारी कोंबडी मांडीवर घेऊन बघा. छातीचं हाड चाचपा. पायाचे तळवे उलटे करून बघा. शेपटाखालची पिसं बाजूला सारून बघा. एका कोंबडीला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण हे मृग लागायच्या आत व्हायला हवं. एकदा पावसाने धरलं की आज दोन रुपयांच्या मिठाच्या पाण्याने बरी होणारी जखम आठवड्याभरात जीव घेते.

घाई का करते आहे, ते सांगते. म्हातारी कोंबडी जड होते, गुडघ्यांत अवघडते, चोचीने स्वतःचं अंग साफ करायला तिला मागे वळता येत नाही. शेपटाखाली शीट चिकटून राहते. उन्हाळ्यात ती वाळून गळून जाते, पावसाळ्यात ओली राहते आणि तिच्यावर माश्या बसतात. माशीने घातलेल्या अंड्यांतून उबदार, ओल्या जागी एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि त्या कातडीखाली शिरतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एका काकूंनी त्यांची तांबडी गावरान कोंबडी टोपलीत घालून माझ्याकडे आणली. दोन दिवस ती चिंचेखाली डोळे मिटून बसून होती, दाणे टिपायला येत नव्हती, एवढंच काकूंना माहीत होतं. वरून बघितलं तर कोंबडी चांगली पिसारलेली, तुराही अजून लाल. शेपूट वर केलं तेव्हा आधी वास आला, मग दिसलं. ओली पिसं एकमेकांना चिकटून त्यांची पापडी झाली होती आणि पापडीखाली कातडी हलत होती. आम्ही पिसं कात्रीने कापली, कोमट मिठाच्या पाण्याने जागा धुतली, चिमट्याने अळ्या एकेक करून काढल्या आणि संध्याकाळच्या आत तिला पशुवैद्यकाकडे नेलं. ती वाचली. पण त्याच महिन्यात गावात अशाच दोन कोंबड्या गेल्या. त्यांना शेपूट वर करून कुणी बघितलंच नव्हतं.

कोंबडी दुखणं लपवते. कळपात जी लंगडते तिला बाकीच्या टोचतात आणि रानात तीच आधी मुंगसाच्या तोंडी जाते. हजारो पिढ्यांची ही सवय दारातल्या कोंबडीतही आहे. त्यामुळे ती पंख पाडून, मान आत ओढून बसलेली आपल्याला दिसते तेव्हा दुखणं बरेच दिवस अंगावर काढलेलं असतं. ‘काल तर चांगली होती’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे. काल ती चांगली नव्हती, तशी दिसत होती, म्हणून हातात घेऊन बघायला सांगते आहे.

आपल्याकडे आत्ता म्हाताऱ्या कोंबड्या इतक्या का झाल्या, त्यालाही कारण आहे. परसातल्या कोंबड्या आपल्याला नव्या नाहीत, पण २०२०च्या टाळेबंदीत ज्यांनी कधी कोंबडी हातात धरली नव्हती अशाही पुष्कळ घरांनी पिल्लं आणली. कुणी गिरिराज, कुणी वनराज, कुणी कडकनाथ. पोल्ट्रीवाले साधारण ७२ ते ८० आठवड्यांनंतर अंडी कमी झाली म्हणून ज्या लेयर कोंबड्या काढून टाकतात, त्याही काहींनी घेतल्या. त्या वेळची पिल्लं आज म्हातारी आहेत. नीट सांभाळलेली कोंबडी सहा-आठ वर्षं जगते, काही दहाच्या पुढेही जातात. भरपूर अंडी मात्र ती पहिली दोन-तीन वर्षंच देते. म्हणजे तिचं निम्म्याहून जास्त आयुष्य अंडी आटल्यावरचं असतं. त्या आयुष्याचा विचार पिल्लं आणताना बहुतेक घरांनी केला नव्हता.

आता त्या घरांत काय चाललं आहे ते मी बघते. काही जण आजारी कोंबडी फिरत्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन टाकतात. काही जण टेकडीवरच्या देवळापाशी, धरणाच्या कडेला नाहीतर रानात ‘मोकळी’ सोडून येतात. घरच्या खुराड्यात वाढलेली, दिसायला कमी झालेली कोंबडी रानात एक रात्रसुद्धा काढत नाही. कुत्रं, मुंगूस, रानमांजर यांपैकी कुणाला तरी ती सापडतेच, आणि तिथलं मरण सोपं नसतं. उपाशी मरेल किंवा हाल होतील अशा जागी पाळीव जनावर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली गुन्हाही आहे आणि त्या कायद्यात पाळीव पक्षीही येतात. देवाच्या नावाने सोडली म्हणून त्यात फरक पडत नाही. कृपा करून कोंबडी सोडून येऊ नका.

तिची दुखणी कुठून येतात हे कळलं तर तिच्याकडे बघायची आपली नजर बदलेल. आपल्या सगळ्या कोंबड्यांची मूळ रानकोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, उबवते आणि थांबते. गावरान कोंबडी साठ-ऐंशी घालते. गिरिराज दीडशेच्या आसपास जाते आणि लेयर कोंबडी तीनशेच्या वर. माणसाने अंडी वाढवत नेली, कोंबडीचं शरीर मात्र तेवढंच राहिलं. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि खाण्यातून ते पुरेसं मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. कोंबडीचा एकच, डावा बीजकोश काम करतो. वर्षानुवर्षं जवळजवळ रोज त्यातून बलक सुटत राहतो आणि म्हातारपणी त्याच जागी दुखणी सुरू होतात. बलक अंड्याच्या नळीत न जाता पोटात पडतो आणि तिथे सडतो. अंडं मधेच अडकतं. नळी बाहेर येते. गाठी होतात. माणसाखेरीज बीजकोशाचा कर्करोग आपोआप आणि इतक्या मोठ्या प्रमाणात होणारा प्राणी कोंबडीच आहे, म्हणून बायकांच्या या कर्करोगाचा अभ्यास करणारे संशोधक म्हाताऱ्या कोंबड्या पाळतात. आपल्या ताटात अंडं देता देता तिच्या शरीराची ही अवस्था होते. मग ती आजारी पडली की तिला ओझं समजणं मला पटत नाही.

आता तपासणीचं सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे.

कोंबडी उलटी धरू नका, पायांना धरून लोंबकळवू तर मुळीच नका. तिच्या छातीखाली तळहात घाला, दोन्ही पाय बोटांत सैल धरा आणि पंख अंगाला दाबून मांडीवर घ्या. आधी छातीच्या मधलं हाड. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागायला हवं. हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर ती पिसांच्या आत वाळत चालली आहे असं समजा, बाहेरून ती कितीही गुबगुबीत दिसो. मग गळ्याखालची दाण्याची थैली. रात्री ती भरलेली असते, सकाळी दाणे टाकायच्या आधी रिकामी असायला हवी. म्हणून ही एक गोष्ट पहाटे पुन्हा बघा. सकाळीही थैली दगडासारखी टणक लागली तर आत गवताचा किंवा सुतळीचा गोळा अडकला आहे. ती पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागली आणि चोचीला आंबट वास आला तर आत बुरशी धरली आहे. अशा वेळी कोंबडी उलटी करून थैली पिळायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती करू नका. आतलं पाणी श्वासनळीत जातं आणि कोंबडी हातातच मरते. थैली टणक असेल तर ती वरून खाली हलक्या हाताने चोळा आणि डॉक्टर भेटेपर्यंत दाणे बंद ठेवून फक्त पाणी समोर ठेवा.

मग पोट. दोन पायांच्या मधे, शेपटाच्या पुढे, हाताला मऊ लागायला हवं. तिथे पाण्याची पिशवी धरल्यासारखं वाटलं आणि कोंबडी पाय फाकून चालत असेल तर पोटात पाणी झालं आहे. ते सुईने काढता येतं आणि काढलं की काही काळ तिला आराम पडतो, पण ती सुई डॉक्टरच्याच हातात असू द्या. शेवटी पाय. तळव्याच्या मधोमध काळी खपली आणि भोवती सूज दिसली तर आत गळू आहे. उंच दांडीवरून रोज दगडावर उडी मारल्याने, कठीण जमिनीमुळे, वाढलेल्या वजनामुळे हे होतं. रोज पंधरा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, पुसून कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि स्वच्छ फडक्याने बांधा. खपली ब्लेडने उचकटू नका. सूज बोटांकडे किंवा वर घोट्याकडे चढली तर घरचे उपाय थांबवून तिला दवाखान्यात न्या.

पायाचे खवले वर उचललेले, पांढरट, खडबडीत दिसले तर खवल्यांखाली बारीक किडे असतात. त्यावर रॉकेल ओतायची जुनी सवय सोडून द्या. त्याने कातडी जळते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जाडसर चोळत राहिलं की किडे गुदमरतात आणि काही आठवड्यांत खवले आपोआप गळून नवे येतात. अंगावरच्या उवा-पिसवांसाठी तंबाखूचं पाणी लावा असं सांगणारे भेटतात. तंबाखूतलं विष कातडीतून आत जातं, तेव्हा ते ऐकू नका. कोंबडीला कोरड्या मातीत राख मिसळून लोळायला जागा करून द्या आणि पावसाळ्यात ती जागा पत्र्याखाली ठेवा. फार किडे असतील तर औषध डॉक्टरला विचारून आणा.

अंडं अडकणं ही तातडीची गोष्ट आहे, त्यात रात्र घालवू नका. कोंबडी सरळ उभी राहते, शेपूट खाली पाडते, पुन्हा पुन्हा अंडं घालायच्या जागी जाऊन कुंथते आणि रिकामी परत येते. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, आपल्या कोपराला सुखाचं लागेल एवढं, आणि पोटापर्यंत बुडेल अशी तिला पंधरा-वीस मिनिटं त्यात बसवा. मग पुसून अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेवा. पुष्कळदा अंडं तेवढ्यानेच येतं. नाही आलं तर लगेच दवाखाना गाठा. पोट दाबून अंडं आतल्या आत फोडायचा प्रयत्न करू नका. कवचाचे तुकडे नळी फाडतात आणि मग कोंबडी वाचत नाही.

कोणतंही दुखणं असलं तरी पहिला उपाय ऊब आहे. कोंबडीच्या अंगाची उष्णता एकेचाळीस अंशांच्या वर असते आणि आजारी कोंबडीची बरीच ताकद ती टिकवण्यात जाते. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा डालग्याखाली पोतं अंथरा, एका बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, दुसरी बाजू मोकळी राहू द्या, म्हणजे नको वाटलं तर ती सरकेल. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, हा क्रम मोडू नका. पाणी चोच उघडून आत ओतू नका. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते आणि ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला बोटाने थेंब लावा, ती स्वतः गिळेल. तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, पण दिसेल अशी. जाळीच्या पलीकडे तिचा कळप असला की ती खाते. एकटी कोंडलेली कोंबडी खाणं सोडते आणि परत कळपात सोडली की बाकीच्या तिला परकी समजून टोचतात.

खुराड्यात तीन बदल पावसाच्या आत करा. बसायची दांडी आपल्या गुडघ्याच्या खाली आणा, जाड आणि गोल, म्हणजे चढायला-उतरायला त्रास होणार नाही. तळाला भाताचं तूस किंवा कोरडं गवत टाका आणि ओलं झालं की त्याच दिवशी काढा. पाणी आणि दाणे रोज एकाच जागी ठेवा. मोतीबिंदू झालेली कोंबडी आठवणीवर चालते आणि भांडं दोन हात सरकवलं तरी उपाशी राहते.

खाण्याचं थोडं वेगळं आहे. नुसत्या कणीवर आणि कोंड्यावर म्हातारी कोंबडी टिकत नाही. शेवग्याचा पाला, उकडलेलं कडधान्य, उकडून कुस्करलेलं अंडं, परसातले किडे तिला हवेत. पण अंडी पूर्ण थांबलेल्या कोंबडीला लेयरचं खाद्य रोज देऊ नका. त्यात अंड्यासाठी घातलेलं साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. अंडं नसेल तर ते मूत्रपिंडावर येतं आणि सांधे सुजतात. सगळ्यांना साधं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज आहे ती तो खाते, बाकीच्या बघतही नाहीत. खारट फरसाण, लोणच्याच्या फोडी, पापडाचा चुरा खुराड्यात टाकू नका. एवढंसं मीठही त्यांना बाधतं.

आता औषधांबद्दल, आणि हे मी कळवळून सांगते. घरातल्या डब्यात उरलेल्या माणसांच्या गोळ्या कोंबडीला देऊ नका. औषधाच्या किंवा पशुखाद्याच्या दुकानात जाऊन ‘कोंबडी पेंगते, काहीतरी द्या’ म्हणून अँटिबायोटिकची पुडी आणू नका. मानमोडी आणि देवी हे विषाणूंचे रोग आहेत, त्यांना अँटिबायोटिक चालत नाही. पोटातलं पाणी, गाठ, सांधेदुखी यांनाही नाही. पण अशी प्रत्येक पुडी जंतूंना औषध पचवायला शिकवते आणि मग तेच औषध आपल्या घरातल्या लेकराला लागू पडत नाही. माणसांच्या शेवटच्या आधाराचं कॉलिस्टिन हे औषध कोंबड्यांना आणि इतर खाण्याच्या जनावरांना द्यायला केंद्र सरकारने २०१९मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. डॉक्टरने औषध दिलं तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथेच विचारा आणि तेवढे दिवस पाळा. दुकानदारांनाही माझी विनंती आहे की चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नका.

एका गोष्टीवर थांबावंसं वाटतं. म्हातारी कोंबडी कधीकधी आरवायला लागते. तिचा तुरा वाढतो, पायाला आर फुटते, पिसं कोंबड्यासारखी होतात. आपल्याकडे आरवणारी कोंबडी अपशकुनी मानतात आणि खूप घरांत तिला त्याच दिवशी कापतात किंवा हाकलतात. खरं असं आहे की म्हातारपणाने किंवा गाठीने तिचा डावा बीजकोश बंद पडलेला असतो. मादीपणाचं संप्रेरक कमी होतं आणि जन्मापासून निजून असलेली उजवी बाजू जागी होते, म्हणून ती कोंबड्यासारखी वागते. त्यात घरावर येणारं काही नाही. ती आरवते म्हणजे तिच्या आत काहीतरी बिघडलं आहे, ती तुम्हाला ते ऐकवते आहे. तिला डॉक्टरला दाखवा. आजी-आजोबा घाबरले तर त्यांना हे कारण शांतपणे समजावून सांगा. ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

म्हातारपणाचं दुखणं आणि साथ यांत गल्लत करू नका. एक कोंबडी महिनाभर हळूहळू खंगते ती म्हातारपणाने. दोन-तीन दिवसांत खुराड्यातल्या अनेक कोंबड्या माना टाकतात, तोंड सुजतं, तुरे निळे पडतात, हिरवी शीट होते, माना पिळवटतात, तेव्हा ती साथ असते. मानमोडी असू शकते, बर्ड फ्लूही असू शकतो. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. अशी मर दिसली तर मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा. लपवलं तर अख्ख्या गावाच्या कोंबड्या जातात. आणि मानमोडीची लस म्हाताऱ्या कोंबडीलाही चुकवू नका. ‘आता कशाला’ म्हणून सोडलेल्या एका कोंबडीमुळे नवी पिल्लं मरतात.

आजारी कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. मुलांनी तिला तोंडाशी धरू नये. तिच्या शिटेतले जंतू आपल्याला बाधतात. तिची सेवा थांबवावी असं नाही, स्वच्छता पाळली की पुरे.

पशुवैद्यकांना माझं वेगळं सांगणं आहे. दवाखान्यात कोंबडी घेऊन आलेल्या बाईला ‘अहो, तीनशे रुपयांची कोंबडी, कापून खा’ म्हणून परत पाठवू नका. मी असं होताना पाहिलं आहे. त्या बाई पदरात कोंबडी गुंडाळून भर उन्हात सहा किलोमीटर चालत आल्या होत्या. त्या कोंबडीच्या अंड्यांवर त्यांनी मुलीच्या वह्या घेतल्या होत्या. तिला बरं करा असं त्या म्हणत होत्या, आणि जनावराला बरं करणं हाच तुमचा पेशा आहे. कोंबड्यांचं शिक्षण तुम्हाला कळपाच्या हिशोबाने मिळतं, हे मला ठाऊक आहे. एका कोंबडीचं पोट तपासायला, तिच्या तळव्याचं गळू काढायला फारसं कुणी शिकवत नाही. तरी तुमच्यापैकी ज्यांना हे येतं त्यांनी आपल्या तालुक्यातल्या इतर डॉक्टरांना ते दाखवावं. परळच्या, नागपूरच्या, शिरवळच्या, परभणीच्या, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी पावसाआधी एक दिवस परसातल्या कोंबड्यांसाठी शिबिर ठेवावं. महिला बचत गटांना पिल्लं वाटताना सोबत लसीची तारीख देतात, तशी म्हाताऱ्या कोंबडीच्या देखभालीची एक पानाची माहितीही द्यावी.

सगळ्या कोंबड्या वाचणार नाहीत. काहींचं पोट पुन्हा पुन्हा पाण्याने भरेल, काहींची गाठ वाढत जाईल. जी खात नाही, उभी राहत नाही, धापा टाकते, आणि डॉक्टर म्हणतात की आता उपाय नाही, तिला ओढत ठेवू नका. डॉक्टरच्या हातून, दुखू न देता तिला सोडवता येतं. ते विचारायला संकोच करू नका. कोंबड्या खाणाऱ्या घरांनाही एवढंच सांगते की आजारी किंवा औषध चालू असलेली कोंबडी कापू नका आणि दुसऱ्याच्या ताटात जाईल अशी विकूही नका. कोंबडी गेल्यावर तिला खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा, कुत्री उकरणार नाहीत असं.

ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांनीही आपल्या वाडीतल्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे एकदा जाऊन या. कोंबड्या बहुतेक त्यांच्याच जिवावर असतात आणि रात्री बॅटरी धरून खुराड्यात वाकणं त्यांना होत नाही. तुम्ही बॅटरी धरा, कोंबडी त्या धरतील. दवाखाना लांब असेल तर तुमच्या गाडीवर टोपली ठेवून न्या.

आज रात्रीच बघा. काही सापडलं आणि जवळ दवाखाना नसेल तर १९६२ हा नंबर फिरवा. तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि तो फक्त गाई-म्हशींसाठी आहे असं समजून थांबू नका. फोनवर कोंबडीचं वय, कधीपासून खात नाही आणि शिटेचा रंग एवढं सांगा.